खडक की वाळू

मम्मी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ते नळी लावून पाण्यात बघायचंय."

पप्पा जेवत होते. त्यांचं पंप आणि पाइपचं दुकान आहे. त्यांनी विचारलं, "किती इंची?"

"तोंडात धरायची नळी हो. पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघतात, ती."

पप्पांना हसता हसता ठसका लागला. आमच्या गावच्या गड्ड्याच्या जत्रेला अक्कलकोटहून आलेली आत्या, पप्पांची थोरली बहीण, जत्रा संपली तरी आमच्याकडेच होती. तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मम्मीला म्हणाली, "मासे? आपण? बघायचे का खायचे?"

"बघायचेच की, आक्का. खायचं कोण म्हणतंय?"

मम्मीने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. ती हसत नव्हती. फेब्रुवारीत मालवणला जायचं आधीच ठरलं होतं. पप्पांना किल्ला पाहायचा होता, आत्याला वाळूत नुसतं बसायचं होतं. मम्मीला काय हवंय हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ती कधी काही मागत नाही. साडीच्या दुकानातसुद्धा दुसरीने नको म्हणून बाजूला टाकलेली साडी उचलते आणि "ही बरी आहे की" म्हणते. म्हणून ते वाक्य माझ्या कानात राहिलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात इंग्रजीतलं जे काही येतं ते माझ्याकडे येतं. वॉशिंग मशीनचं पुस्तक, विम्याचे मेसेज, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. आता समुद्र आला.

"चांगली जागा शोध," पप्पा म्हणाले. "भरपूर पाणी असलेली."

त्यांच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस पाणी किती फुटांवर लागलं हेच सांगत येतो. सांगोल्याचे डाळिंबवाले तर बोअरची खोली घरातल्या आजाऱ्याच्या तापासारखी सांगतात, दर वर्षी थोडी जास्त. त्यामुळे भरपूर पाणी म्हणजे चांगली जागा, हा पप्पांचा हिशोब. स्नॉर्केलिंगला कमी पाणी लागतं, उथळ आणि स्वच्छ, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलं नाही. इतक्या लांब जायचं आणि उथळ पाण्यात उतरायचं?

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. वरच्या खोलीत बसते. दिवसभर कानाला हेडफोन असतो, पण बोलते फार कमी. अनोळखी माणसाला फोन लावायचा तर मी आधी खोलीत चकरा मारते, पहिलं वाक्य तोंडात घोळवते, नंबर काढते आणि ठेवून देते. समुद्राच्या बाबतीत मात्र नुसतं वाचून बरंच कळत होतं. खाडीच्या तोंडाशी नदीचा गाळ येतो, तिथे जाऊ नये. दुपारी वारा सुटला की पाणी ढवळतं, म्हणून सकाळी जावं. आणि मुख्य म्हणजे, जिथे खडक तिथे मासे. नुसत्या वाळूवर तरंगलं तर आपलीच सावली दिसते, बाकी काही नाही. खडकाला शेवाळ धरतं, पोवळी धरतात, फटींमध्ये लपायला जागा असते, म्हणून मासे तिथेच फिरतात. किल्ल्याच्या मागच्या बाजूला असे खडक होते आणि पाणीही फार खोल नव्हतं. मी ती जागा ठरवून टाकली आणि मला जरा हलकं वाटलं.

मम्मी वर चहा घेऊन आली. मी तिला व्हिडिओ दाखवला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे कॅमेऱ्यासमोरून सरकत होते. तिने पूर्ण पाहिला, मग परत लावायला सांगितला.

"तळाला काय आहे गं तिथं?"

"खडक."

"सगळा?"

"सगळा. म्हणून तर मासे आहेत."

"मग नको," ती म्हणाली आणि तिचा हात छातीवर गेला.

तिथे तिचं इष्टलिंग असतं. सुती दोऱ्यात, चांदीच्या डबीत, ब्लाउजच्या आत. ती पाळण्यात असताना मठातल्या स्वामींनी बांधलेलं. ते अंगावेगळं करायचं नाही, हा नियम ती आयुष्यभर पाळत आली आहे. माझ्या जन्माच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलवर नर्सने काढायला सांगितलं, तर तिने तेवढ्या कळांमध्ये वाद घातला. शेवटी नर्सने ते बँडेजच्या पट्टीने तिच्या दंडाला बांधलं. रोज सकाळी आंघोळीनंतर ती डबी उघडते. सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घेते, विभूती लावते, हात डोळ्यांसमोर धरते आणि बघत बसते. पापणी लवत नाही. श्वास चालू आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. लहानपणी मी तिच्यासमोर बसून तिची पापणी कधी हलते याची वाट बघायचे. मीच आधी कंटाळायचे.

माझं लिंग देवघरात आहे. शाळेत पीटीच्या तासाला कॉलरमधून दोरा दिसला की मुली विचारायच्या, आणि इंग्रजीत काय सांगायचं ते मला सुचायचं नाही. म्हणून एक दिवस काढून ठेवलं.  तेव्हापासून रोज माझ्या वाटचंही पाणी मम्मी घालते.

"दोरा तुटला तर फटीत जाईल," ती म्हणाली. "वाळूवर पडलं तर दिसेल तरी."

"मग हॉटेलच्या खोलीत..."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

म्हणजे पेच असा होता. मासे खडकावर आणि मम्मीची तयारी वाळूवर. मी पुन्हा शोधायला लागले आणि आता काहीच पटेना. एक जागा वाळूची, पण माशांचं नाव नाही. दुसरीकडे दोन्ही, पण लाटा. तिसरीकडे नावाड्यांनी स्वतःच लिहिलेलं, पोहता येणाऱ्यांनीच यावं. आम्हा चौघांपैकी कुणालाही पोहता येत नाही. मी कामाच्या मीटिंगमध्ये हो हो म्हणत असायचे आणि दुसऱ्या खिडकीत समुद्राचा तळ बघत असायचे. जेवताना पाय हलत राहायचा. पप्पा म्हणायचे, "पाय थांबव. शिलाई मशीन आहे का?"

फोन करणं जमेना, म्हणून मी नावाड्यांना मेसेज पाठवले. लहानशी वस्तू पाण्यात पडली तर सापडते का?

एकाचं उत्तर आलं, "मोबाइलला पाऊच मिळेल मॅडम, काळजी नको."

दुसरा म्हणाला, "अंगठी असेल तर काढूनच या. गेली की गेली."

तिसऱ्याने हसण्याचं चित्र पाठवलं. मी त्यांना खरं काय ते लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. परत लिहिलं, परत पुसलं. आमच्या घरातली ती गोष्ट अशी कुणाच्याही फोनवर पाठवावी असं वाटेना.

खाली वेगळंच चाललं होतं. आत्याला कळलं होतं.

"ब्याडा गं, ब्याडा," ती म्हणत होती. नको म्हणायचं असलं की ती कानडीत जाते. "लिंग घेऊन समुद्रात? तितं मासळी, खेकडी, काय काय असतंय. उतरायचं म्हणून कुटं सांगितलंय?"

"उतरू नये असं तरी कुठं सांगितलंय, आक्का?"

"मासा येऊन शिवला तर?"

"देवाला मासा शिवला तर मासा पावन होईल की."

"लई बोलाय लागलीस तू," आत्या म्हणाली. पण ती पदराआड हसत होती.

पप्पा दुकानातून हिरव्या नायलॉनचा हातभर तुकडा घेऊन आले. बोअरमध्ये मोटार ज्या दोरीला लटकवतात ती दोरी. त्यांनी ती मम्मीच्या मांडीवर टाकली. "घे. चारशे फूट खाली मोटार धरून ठेवते ही. तुझं लिंग नाही धरणार?"

"गळ्यात मोटारीचा दोर घालू?"

"मग काय, पंपाची गॅरंटी पण देतो."

तिने तो तुकडा कपडे वाळत घालायला वापरला आणि नवा सुती दोरा आणला. तो मिठाच्या पाण्यात भिजत घालून ओट्यावर ठेवला, समुद्रात टिकतो का बघायला. रोज सकाळी बाहेर काढायची, दोन्ही हातांनी ताणायची, परत बुडवायची. मास्क आणि नळी मी ऑनलाइन मागवली होती. पाणी येण्याच्या दिवशी तिने धुण्याचा टब भरून घेतला, मास्क लावला आणि गुडघ्यांवर बसून टबात तोंड घातलं. नळी वर होती. आम्ही भोवती उभे होतो. ती उठेचना. शेवटी आत्याने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं, हायस का गेलीस?"

मम्मीने तोंड वर काढलं. मास्कमुळे तिचे डोळे मोठे दिसत होते. "टबाला खाली चीर गेलीय," ती म्हणाली. "मला आज दिसली."

मग मी प्रयत्न केला. नळीतून श्वास घेतला, तो पुरेना, नाकाने घ्यायला गेले, मास्क गालांना चिकटला आणि मी टब लवंडून उठले. चार दिवसांनी आलेलं पाणी मोरीत गेलं. पप्पांनी त्यावरून मला दोन दिवस ऐकवलं.

शेवटी जागा सापडली ती कुणा हौशी माणसाच्या हलत्या व्हिडिओत. किल्ल्यापासून थोडं बाजूला दोन खडकांच्या मधोमध वाळू होती, घरापुढच्या अंगणाएवढी. कडेने मासे फिरत होते, मध्ये स्वच्छ वाळू. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. मग फोन लावला, आधी नेहमीच्या चकरा मारून. पलीकडचा माणूस म्हणाला, "हां, ती जागा. नवीन लोकांना तितंच नेतो आम्ही. पुरुषभर पाणी."

हे माप पप्पांना लगेच कळलं. "विहिरीची भाषा बोलतोय. माणूस बरा दिसतोय."

मम्मीने चित्रातल्या वाळूवर बोट ठेवलं. "इथं पडलं तर दिसेल," ती म्हणाली. तिला जागा पसंत पडली.

मालवणला पोचेपर्यंत मी गाडीत वाऱ्याचा अंदाज बघत होते. सांगोल्यापुढे पप्पांनी एका गिऱ्हाइकाच्या बागेशी गाडी थांबवली, मोटार कशी चालते ते विचारायला. मम्मी उतरून बांधावर उभी राहिली. टँकर डाळिंबाच्या खड्ड्यात पाणी सोडत होता आणि ती त्या धारेकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "चल ना, उशीर होईल." खरं तर उशीर होण्यासारखं काहीच नव्हतं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणार होतो. पण मला कुठेच थांबवत नव्हतं.

सकाळी होडीत बसलो तेव्हा समुद्र शांत होता. आत्या वाळूत बसायचं सोडून होडीत आली. "मी नसले तर हिला कोण बघणार?" मम्मीने पंजाबी ड्रेस घातला होता. गाइड तिशीतला होता, उन्हाने रापलेला. त्याने लाइफ जॅकेट चढवली, पट्टे ओढले, आणि मम्मीच्या पट्ट्याशी त्याचा हात थांबला.

"काकी, गळ्यात काय आहे? कडक लागतंय. काढून ठेवा. पट्टा त्याच्यावर येतो. आणि पाण्यात सुटलं तर मी शोधणार नाय."

"ते काढत नाही मी."

"काढावं लागेल. सगळ्यांना काढायला लावतो."

तो उद्धट नव्हता. रोज तेच बोलून बोलून त्याचा आवाज तसा झाला होता. पप्पा काही म्हणणार होते, आत्याच्या कपाळावर आठ्या होत्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं. महिनाभर मी हीच गोष्ट बाहेरच्या सगळ्यांपासून लपवत होते आणि आता ती होडीच्या मधोमध होती. "ते देवाचं आहे," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "अंगावेगळं करत नाहीत."

गाइडने माझ्याकडे पाहिलं, मग मम्मीकडे. "मग कसं करायचं?"

"राहू दे," मम्मी म्हणाली. "तुम्ही उतरा. मी बसते इथं आक्कांपाशी."

ती फळीवर बसली आणि पाण्याकडे पाहायला लागली. होडीखाली हिरवट उजेड होता, त्यात काहीतरी झर्रकन वळत होतं. तिचा चेहरा साडीच्या दुकानातल्यासारखा झाला होता. बरं आहे की. मला तो चेहरा बघवेना. मी माझा पट्टा सोडला, परत लावला.

मग तिने ड्रेसच्या गळ्यातून आत हात घातला. डबी काढली, उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डबीचा दोरा सोडून त्याचे वेढे मनगटाला घातले, एकावर एक. दोऱ्याचं टोक दातांनी ओढून गाठ मारली. मूठ मिटली. रिकामी डबी तिने आत्याच्या हातात दिली.

"चला," ती गाइडला म्हणाली.

"एका हातानं, काकी? तरंगायची रिंग धरायला दोन लागतात."

"एक पुरेल. हा हात रोजच असा असतो."

आत्याने डबी कपाळाला लावली आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. पप्पा तिच्यापाशी होडीतच थांबले.

पाणी गार होतं. मी उतरले तशी नळी तोंडातून निसटली. खारट पाणी घशात गेलं. गाइडने मला रिंगच्या एका बाजूला लावलं, मम्मीला दुसऱ्या. मी मास्क पाण्यात घालायची, श्वास अडकायचा, डोकं वर काढायची. मम्मीने एकदाच तोंड खाली घातलं. तिची पाठ पाण्यावर सपाट झाली. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, लांब, पहाटे देवघरातून येतो तसा. उजवा हात रिंगवर आणि डावा शरीरापासून थोडा पुढे, मूठ मिटलेली.

खाली माझं अंगण होतं. वाळू स्वच्छ होती, तिच्यावर लाटांच्या रेघा होत्या. मी शोधलेली जागा अगदी तशीच होती आणि तिथे काहीही नव्हतं. एक मासासुद्धा नाही.

गाइड पाण्यावर डोकं काढून म्हणाला, "मासे आज खडकाकडे आहेत. न्यायचं का? घाबरूचा नाय, जवळच हा."

"नको," मी म्हटलं. "इथेच."

मम्मीने डोकं वर काढलं नाही. तिने आमचं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. तिने पाय हलवले. रिंग हळूहळू फिरली आणि खडकाच्या दिशेला लागली. गाइड हसला आणि त्याने रिंगचा दोर ओढला.

वाळू संपली. खाली काळा, खडबडीत खडक आला, त्यात फटी होत्या, फटींमध्ये अंधार होता. मी तोंडात नळी घट्ट धरली आणि पहिल्यांदा डोकं वर न काढता पाण्यात पाहत राहिले. पण मासे नाही. मी तिची मूठ पाहत होते. मनगटावरचे वेढे ओले होऊन चिकटले होते. एक वेढा सैल झाल्यासारखा वाटला. मग वाटलं, नाही, पाण्यामुळे तसं दिसतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुठीच्या अगदी जवळून पिवळं काहीतरी गेलं, परत आलं, घुटमळलं. मम्मीचा हात हलला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, चल, पुरे, वर ये. पण नळी तोंडात होती. पाणी गार होतं आणि मला घाम आल्यासारखं वाटत होतं.

गाइडने आम्हाला होडीकडे वळवलं तेव्हा तिने मान वर केली. तोंडातली नळी काढली. "झालं?" ती म्हणाली. "एवढ्यात?"

होडीत आत्या हात पुढे करून बसली होती. "दाव. आधी दाव."

मम्मीने मूठ उघडली. बोटं लगेच सरळ होईनात, दुसऱ्या हाताने तिने ती एकेक सोडवली. लिंग तळहातावर होतं. त्याच्या बुडाचा गोल वळ तिच्या कातडीत खोलवर उमटला होता. आत्याने पाण्याची बाटली उघडली, घरून भरून आणलेली, आणि त्याच्यावर धार सोडली. "खारट झालं असंल की," ती म्हणाली. मम्मीने ओढणीच्या टोकाने ते पुसलं, डोळ्यांना लावलं, डबीत ठेवलं. पप्पांनी होडीच्या कडेवरून वाकून गाइडला विचारलं, "हे तुमचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं?" 

"काय काय पाहिलंस?" मम्मीने मला विचारलं. तिच्या कपाळावर मास्कची लाल रेघ होती. उत्तराची वाट न बघता ती स्वतःच सांगायला लागली. एक मासा पोपटी होता, आणि तो खडक खात होता. खरंच खात होता, दातांचा आवाज येत होता. एका फटीत कुणीतरी राहत होतं, फक्त मिशा बाहेर होत्या. आणि पिवळे छोटे, ते तर हाताशी आले. "आले ना गं? तू पाहिलेस ना?"

"एक पाहिला," मी म्हटलं.

होडी किनाऱ्याकडे निघाली. मी पिशवीतून फोन काढला, रेंज नव्हती, परत ठेवला.  मम्मी मागे वळून गाइडशी बोलत होती, आणि तो दूर दक्षिणेकडे, जिथे पाण्यातून खडकांचे सुळके वर आले होते, तिकडे बोट दाखवत होता.

"तिथं तळाला काय आहे?" तिने विचारलं.

"तितं? खडकच सगळा. आणि पाणी पण खोल आहे."

"हं," मम्मी म्हणाली. तिने मनगटावरचा ओला दोरा सोडला, सरळ केला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या सकाळी वारा कसा आहे, बघ की जरा."